चाळीस मिनिटांची रेकॉर्ड आणि अडीच तासांचं संगीत

बेन-हर हा १९५९ चा हॉलिवूडचा सिनेमा बघितलेल्या माणसाला विचारा की रथांच्या शर्यतीतलं संगीत कसं होतं, दहातले आठजण सांगतील की अरे काय जबरदस्त होतं, अंगावर काटा आला होता. त्या शर्यतीत संगीतच नाहीये. शर्यतीआधी रथांची फेरी निघते तेव्हा तो प्रसिद्ध मार्च वाजतो, आणि एकदा का घोडे सुटले की फक्त टापा, चाकं आणि लोकांचा आरडाओरडा. पण त्याच्या आधीचा दीड-दोन तास संगीताने आपल्याला इतकं भारलेलं असतं की डोकं ती शांतता स्वतःच भरून काढतं. मला पार्श्वसंगीताचं वेड लागलं ते हे कळलं तेव्हापासून, आणि आज जे समजावायचंय ते याच वेडाचं एक टोक आहे, म्हणजे जुन्या ऐतिहासिक सिनेमांच्या संगीताचे वाढीव री-इश्यू. याच बेन-हरचं संगीत २०१२ साली ५ सीडींच्या सेटमध्ये येतं आणि जगभरातली माणसं ज्यांच्याकडे तेच संगीत आधीच तीन प्रकारांत आहे ती पुन्हा पैसे भरून रांगेत उभी राहतात, हे काय प्रकरण आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण आपल्याकडे इथेच घोळ होतो. आपल्याकडे सिनेमाचं संगीत म्हटलं की गाणी. रेकॉर्ड निघायची ती गाण्यांची, आणि सिनेमा फारच चालला तर संवादांची, शोलेच्या संवादांची एलपी घरोघरी होती. पण गब्बरच्या एन्ट्रीला मागे जे वाजतं ते वेगळं विकत घेऊन ऐकावं असं कुणाच्या फारसं मनात यायचं नाही. हॉलिवूडच्या त्या काळच्या भव्य ऐतिहासिक सिनेमांत गाणी नसायची, सगळी मदार पार्श्वसंगीतावर. बेन-हरची लांबी साडेतीन तासांच्या आसपास, त्यात संगीत साधारण अडीच तासांचं. अडीच तास म्हणजे एखादा मोठा ऑपेराच झाला. आणि हे सगळं एका माणसाने लिहिलेलं, मिक्लोश रोझा, बुडापेस्टचा, १९०७ चा जन्म, लाइपझिगला शिकलेला, ज्याला या सिनेमासाठी तिसरं ऑस्कर मिळालं.

आता या अडीच तासांपैकी त्या वेळी लोकांना घरी किती ऐकायला मिळालं? एलपीच्या एका बाजूला नीट आवाज हवा असेल तर वीस-बावीस मिनिटं बसतात, फार ओढलं तर पंचवीस. म्हणजे दोन्ही बाजू मिळून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती इथे अक्षरशः करावी लागायची. आणि गंमत पुढेच आहे, त्या चाळीस मिनिटांत जे वाजत होतं ते सिनेमातलं रेकॉर्डिंग नव्हतंच! सिनेमासाठी एमजीएम या, बेन-हर बनवणाऱ्या हॉलिवूड कंपनीच्या स्टुडिओ ऑर्केस्ट्राने वाजवलं आणि एलपीसाठी रोममधल्या ऑर्केस्ट्राकडून, कार्लो साव्हिना नावाच्या कंडक्टरच्या हाताखाली, निवडक तुकडे वेगळे वाजवून घेतले. म्हणजे कव्हरवर सिनेमाचं चित्र, नाव सिनेमाचं, संगीत त्याच माणसाचं, पण जे तुम्ही थिएटरात ऐकलं ते हे नाही.

असं का, तर कारण पैशाचं होतं. अमेरिकेतल्या वादकांची युनियन भक्कम, आणि तिचा नियम असा की सिनेमासाठी वाजवलेलं संगीत दुसऱ्या माध्यमात वापरलं, म्हणजे रेकॉर्ड काढली, तर सगळ्या वादकांना पुन्हा मानधन द्यायचं. माझ्या मते नियम रास्तच आहे, घाम त्यांनी गाळलेला. पण ऐंशी-नव्वद माणसांचा ऑर्केस्ट्रा असेल तर ते बिल एवढं व्हायचं की कंपनी म्हणायची त्यापेक्षा युरोपात जाऊन नव्याने वाजवून घेऊ. पुढे सीडी आली, तिच्यावर सत्तर-ऐंशी मिनिटं बसत होती, तरी ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत कित्येक सीडी जेमतेम तीस मिनिटांच्या निघायच्या, कारण जितकी मिनिटं जास्त तितके वादकांचे पैसे जास्त. त्या काळात ज्याने अशी अर्धी रिकामी सीडी विकत घेतली त्याला विचारा काय वाटायचं. सिनेमात जो तुकडा ऐकून आपण सीडी घेतली नेमका तोच तुकडा नाही, हा अनुभव या छंदातल्या प्रत्येकाला आलाय.

म्हणून मग जेव्हा आपण वाढीव म्हणतो तेव्हा नुसती मिनिटं वाढलीत असं समजू नका. यात तीन-चार वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे सिनेमात प्रत्यक्ष वापरलेलं मूळ रेकॉर्डिंग, सगळं, क्रमाने. दुसरं, जे रेकॉर्ड झालं पण एडिटिंगमध्ये गेलं किंवा तलवारींच्या खणखणाटाखाली दबलं ते. तिसरं पर्यायी टेक, म्हणजे संगीतकाराने एकाच प्रसंगासाठी आधी वेगळं लिहिलं होतं, दिग्दर्शकाला पटलं नाही, मग दुसरं लिहिलं, तर ते पहिलंही. आणि चौथं, त्या काळात निघालेल्या एलपीही त्याच सेटमध्ये, कारण त्या वेगळ्या वाजवलेल्या, त्यांचं स्वतःचं मोल आहे. बेन-हरचा फिल्म स्कोअर मंथली नावाच्या छोट्या कंपनीने काढलेला ५ सीडींचा सेट असाच भरला. एलमर बर्नस्टीनच्या टेन कमांडमेंट्सचा, १९५६ च्या सिनेमाचा, इंट्राडा या कंपनीने २०१६ साली ६ सीडींचा सेट काढला, सिनेमाला साठ वर्षं झाली म्हणून, त्यातही सिनेमाचं पूर्ण संगीत आणि जुनी अल्बम रेकॉर्डिंग्ज दोन्ही आहेत. बर्नस्टीनला तिथे आधी फक्त नाचांचं संगीत करायला बोलावलेलं, मुख्य काम व्हिक्टर यंगकडे होतं, तो आजारी पडला आणि हे सगळं या तरुण पोराच्या अंगावर आलं. तेव्हा तो तिशीतला. त्या ६ सीडी ऐकताना हे डोक्यात असलं की ऐकणं बदलतं.

पण एवढं सगळं ऐकून मिळतं काय, हा खरा प्रश्न. चाळीस मिनिटांत सगळ्या मुख्य धून येऊन गेल्याच ना? इथे मला जरा थांबायचंय कारण माझ्या लेखी सगळी मेख इथेच आहे.

बेन-हरमध्ये ज्युडा आणि मेसाला हे लहानपणचे जिवलग मित्र, मोठेपणी भेटतात आणि त्यांच्या मैत्रीची एक धून आहे, उबदार, थोडी पसरत जाणारी. रेकॉर्डवर ती एकदा वाजते आणि छान वाटते, झालं. पूर्ण संगीतात ती धून पहिल्या भेटीत येते, मग भांडण होतं तिथे तिच्या खालचे स्वर आंबायला लागतात, वैराची स्वतःची एक वेगळी, टोकदार धून तिच्या अंगावर येते, आणि शर्यतीनंतर मेसाला मरायला टेकलेला असतो तिथवर पोचेपर्यंत आपण या सुरांसोबत आख्खा प्रवास केलेला असतो. म्हणजे एकच धून म्हातारी होताना ऐकायची. रागदारी ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, बंदिशीचा मुखडा ऐकला म्हणजे राग ऐकला असं कुणी म्हणत नाही. मुखडा रेकॉर्डवर होताच, बढत आत्ता मिळाली.

आणि एक प्रसंग अगदी जवळून सांगतो. गलबतावर वल्हवणारे गुलाम, साखळदंडात, ज्युडा त्यांच्यात एक, त्याला नाव नाही नुसता नंबर, ४१. वर बसलेला माणूस दोन मोगऱ्यांनी लाकडावर ठोके देतोय आणि त्या ठोक्यावर वल्ही मारायची. रोमन सेनापतीला बघायचंय ही माणसं किती ताणतात, म्हणून तो वेग वाढवत नेतो, लढाईचा वेग, मग हल्ल्याचा, मग शत्रूच्या जहाजाला धडक द्यायचा. संगीत त्या ठोक्यालाच बांधलेलं. सुरुवातीला जड, खालच्या पट्टीतलं, वल्हं पाण्यात जाताना एक झटका आणि बाहेर येताना एक. लय वाढते तसतशी वरची वाद्यं येत जातात पण खालचा तो जडपणा हलत नाही, म्हणजे वेग वाढतोय तरी ओझं तेवढंच आहे, आणि माणसं कोसळायला लागतात. आपल्या विलंबितातून द्रुतमध्ये जाण्यात एक मोकळं होणं असतं, इथे उलट आहे, लय जितकी चढते तितका श्वास कोंडतो. सिनेमात हे बघताना डोळे ज्युडाच्या आणि सेनापतीच्या चेहऱ्यावर असतात, पाण्याचा आवाज असतो, वल्ह्यांचा असतो. सीडींच्या सेटमध्ये पहिल्यांदा नुसतं संगीत ऐकलं तेव्हा खालच्या पितळी वाद्यांत काय काय चाललंय ते कळलं. मी हेडफोन काढून दोन मिनिटं नुसता बसलो होतो.

रोझाची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी कारण ऐतिहासिक सिनेमांच्या संगीताचं वेड वेगळं का हे त्यातून कळतं. रोमन लोकांचं संगीत कसं होतं हे सांगणारी स्वरलिपी आपल्यापर्यंत पोचलेलीच नाही. मग रोमन सैन्य चालतंय तर वाजवायचं काय? १९५१ च्या, एमजीएमच्याच क्वो वाडिस या सिनेमासाठी रोझाने यावर बराच अभ्यास केला, ग्रीकांच्या उरलेल्या तुकड्यांकडे वळला. सैकिलोसचा शिलालेख म्हणून एक आहे, थडग्यावर कोरलेलं छोटंसं गाणं, सुरांसकट, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं. सिनेमात नीरो जे गातो त्याला रोझाने या गाण्याचा आधार घेतला. एल सिड या सिनेमाच्या वेळी तो स्पेनला गेला, नव्वदी ओलांडलेल्या मेनेंदेझ पिदाल या इतिहासकारांकडून मार्गदर्शन घेतलं, तेराव्या शतकातली मेरीची स्तोत्रं अभ्यासली. आणि बेन-हरमध्ये येशूच्या जन्माच्या प्रसंगाला दिग्दर्शक विल्यम वायलरने सुचवलं की ते ॲडेस्टे फिडेलिस हे नाताळगीत टाकू या, लोकांच्या ओळखीचं आहे. रोझा नाही म्हणाला, ते गाणं त्या काळानंतर कैक शतकांनी आलेलं, तिथे कसं चालेल, आणि स्वतःचं लिहून दिलं. येशूचा चेहरा त्या सिनेमात कुठेच दिसत नाही, तो आलाय हे संगीत सांगतं, म्हणून त्याच्यासाठी ऑर्गनचे सूर राखून ठेवले. एवढा विचार केलेली गोष्ट चाळीस मिनिटांत कापून दिली की राग येतो, तो राग आणि हे वेड एकाच मुळाचे.

आता हे सेट बनतात कसे. लोकांना वाटतं की स्टुडिओत कपाटात टेप असणार, काढली, सीडीवर घातली. तसं नसतं. पन्नासच्या दशकात संगीत रेकॉर्ड व्हायचं ३५ एमएमच्या चुंबकीय फिल्मवर, सिनेमाच्या फिल्मएवढीच रुंद, भोकंबिकं सगळी तशीच, फक्त चित्राऐवजी आवाज, आणि बहुतेक वेळा तीन ट्रॅक, डावा, मधला, उजवा. सिनेमाची रिळं असायची तसे संगीताचे तुकडे रिळाच्या नंबराने ओळखायचे, पाचव्या रिळातला दुसरा तुकडा वगैरे. एकेका तुकड्याचे कित्येक टेक. यातला कुठला टेक सिनेमात गेला, की दोन टेक जोडून एक केला, हे शोधायला त्या दिवशीच्या नोंदी, कंडक्टरची कागदं आणि सिनेमा स्वतः, हे सगळं समोर ठेवून कान लावून बसावं लागतं. त्यात त्या फिल्मचा पाया ॲसिटेटचा, तो जुना झाला की सडतो आणि त्याला चक्क व्हिनेगरचा वास यायला लागतो, आकसतो, वाकतो, मग मशीनवर नीट बसत नाही आणि आवाज डगमगतो. एकाची लागण शेजारच्या डब्यालाही होते. म्हणून या कामात घाई असते. आज न उतरवलेला डबा दहा वर्षांनी उतरवता येईलच याची खात्री नाही.

आणि काही ठिकाणी डबाच नसतो. स्पार्टाकसचं उदाहरण घ्या, १९६० चा सिनेमा, ॲलेक्स नॉर्थचं संगीत, जे माझ्या मते रोझाच्या तोडीचं आणि काही जागी त्याहून धीट आहे. व्हारेझ साराबांदने २०१० साली त्याचा सेट काढला, ६ सीडी, एक डीव्हीडी, जाडजूड पुस्तक, कंपनीचा १०००वा अल्बम म्हणून मोठ्या मानाने, ५००० प्रती. तर त्यात स्टिरिओत सापडलेलं संगीत साधारण तासाभराहून थोडं जास्त, आणि पूर्ण संगीत मिळतं ते मोनोमध्ये, म्हणजे डावा-उजवा असा वेगळा आवाज नाही, सगळं एकाच ट्रॅकवर. त्यांनी लपवाछपवी केली नाही, स्टिरिओची सीडी वेगळी ठेवली आणि पूर्ण मोनो वेगळं दिलं. नवीन माणूस म्हणतो मोनो कशाला ऐकायचं. माझं म्हणणं, पहिली पाच मिनिटं खटकतं, नंतर कान जुळतात, आणि त्या दिवशी त्या खोलीत नॉर्थसमोर ज्या माणसांनी वाजवलं तीच माणसं ऐकू येतात, हे मला कुठल्याही चकचकीत आवाजापेक्षा मोलाचं वाटतं. त्या सिनेमातली प्रेमाची धून तर सिनेमाबाहेर जाऊन जॅझवाल्यांची झाली, युसुफ लतीफने वाजवली, बिल एव्हान्सने वाजवली, म्हणून त्या सेटमध्ये त्या एका धुनेच्या वेगवेगळ्या कलाकारांनी वाजवलेल्या आवृत्त्यांना स्वतंत्र जागा दिली.

एमजीएमची गोष्ट तर ऐकवत नाही. १९७० च्या आसपास स्टुडिओचे मालक बदलले, खर्च कमी करायचं ठरलं, आणि संगीत विभागाची लायब्ररी, म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या प्रत्येक वाद्यासाठी लिहिलेली कागदं, पूर्ण स्वरलिप्या, हे सगळं जागा अडवतंय म्हणून कचऱ्यात गेलं, खड्डे भरायला. जे उरलं ते प्रामुख्याने कंडक्टरसाठीचे आखूड आराखडे, ज्यात सगळा ऑर्केस्ट्रा दोन-चार ओळींत कोंबलेला. सैकिलोसचा दगड दोन हजार वर्षं टिकला आणि त्याच्यावरून केलेल्या कामाची कागदं वीस वर्षंही टिकली नाहीत. हे लिहितानासुद्धा मला वाईट वाटतंय.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणून दुसरा मार्ग निघाला, पुन्हा वाजवणं. टॅडलो नावाच्या ब्रिटिश कंपनीने जेम्स फिट्झपॅट्रिकच्या पुढाकाराने प्रागच्या ऑर्केस्ट्राकडून, निक रेनच्या हाताखाली, एल सिड २००८ ला, लॉरेन्स ऑफ अरेबिया २०१० ला, क्वो वाडिस २०१२ ला अशी एकामागून एक पूर्ण संगीतं नव्याने रेकॉर्ड केली, बेन-हरही २०१७ ला केलं. जिथे कागद नाहीत तिथे जाणकारांनी ते आखूड आराखडे आणि सिनेमाचा साउंडट्रॅक कानाने ऐकून एकेका वाद्याची ओळ परत लिहिली. क्लॅरिनेट कुठे, व्हायोला कुठे, हॉर्न दोन की चार, सगळं कानावर. एल सिडसाठी हे फार महत्त्वाचं होतं कारण रोझाचं कितीतरी संगीत सिनेमाच्या अंतिम मिक्समध्ये गाळलं गेलं होतं आणि तो त्यावरून चांगलाच दुखावला होता, ते संगीत पहिल्यांदा नीट ऐकू आलं ते प्रागमध्ये, रोझा गेल्यावर तेरा वर्षांनी.

यावर लोकांचे कायम वाद चालतात, मूळ रेकॉर्डिंग श्रेष्ठ की नवीन. मी मूळवाला आहे हे वर कळलंच असेल, पण जिथे मूळ नाही किंवा फाटकं आहे तिथे हा वाद घालणं मला पटत नाही. आपल्याकडेही मुघल-ए-आझम २००४ साली रंगीत करून आणला तेव्हा गाण्यांतले मूळ आवाज तेच ठेवून वाद्यांचं काम नव्याने वाजवून घेतलं, उत्तम सिंग यांनी ते सांभाळलं आणि नौशाद स्वतः हयात होते, त्यांच्या देखरेखीत झालं. काहींना आवडलं, काहींना जुनंच हवं होतं. दोघांचंही प्रेमच असतं.

हे वेड सीडीच्या काळातलं आहे असंही नाही. सत्तरच्या दशकात चार्ल्स गेरहार्ट या कंडक्टरने आरसीए या रेकॉर्ड कंपनीसाठी लंडनमध्ये जुन्या हॉलिवूड संगीताच्या रेकॉर्डींची मालिका केली, त्याने एक आख्खी पिढी या नादाला लावली. त्याच सुमारास एलमर बर्नस्टीन, तोच टेन कमांडमेंट्सवाला, स्वतः सभासद गोळा करून पोस्टाने रेकॉर्डी पाठवायचा, इतरांच्या विसरलेल्या संगीताच्या, स्वतः कंडक्ट करून. स्वतःचं एवढं नाव असताना दुसऱ्यांचं काम वाचवायला पदराला खार लावून घेणारा माणूस. नव्वदच्या दशकात एमजीएमचे जुने सिनेमे टेड टर्नर या टीव्हीवाल्या उद्योजकाच्या हातात होते, त्यातून ऱ्हायनो या रेकॉर्ड कंपनीने १९९६ ला बेन-हरच्या २ सीडी काढल्या आणि पहिल्यांदा सिनेमातलं खरं रेकॉर्डिंग भरपूर प्रमाणात लोकांच्या हातात आलं. मग फिल्म स्कोअर मंथली, जे मुळात ल्युकस केंडलने काढलेलं मासिक, त्यांनी स्वतःच सीडी काढायला सुरुवात केली. रोझाचा १५ सीडींचा एक खजिना त्यांनी २००९ ला काढला. आज इंट्राडा, ला-ला लँड, स्पेनची क्वार्टेट अशा छोट्या कंपन्या हे करतात, मोजक्या माणसांच्या.

प्रती कमी का काढतात हाही प्रश्न असतो. हजार, दीड हजार, तीन हजार, फार तर पाच. एक तर गिऱ्हाईक जगभरात मिळून तेवढंच. दुसरं म्हणजे हक्क स्टुडिओचे, युनियनशी ठरलेल्या अटी असतात, आणि जुन्या रेकॉर्डिंगसाठी मर्यादित प्रतींच्या बोलीवर ते गणित बसतं. म्हणून संपलं की संपलं. मग जुन्या बाजारात तीच सीडी दुप्पट-तिप्पट भावाने. यात एक वाईट बाजू आहे, काहीजण दोन-दोन प्रती घेऊन एक न उघडता ठेवतात, पुढे विकायला, आणि ज्याला खरंच ऐकायचंय त्याच्यापर्यंत पोचत नाही. मला हे मनापासून आवडत नाही. आणि आपल्याकडून मागवायचं तर सीडीपेक्षा पोस्टेज जास्त, वर कस्टम ड्युटी, माझा एक सेट आला तेव्हा केसचं बिजागर तुटलेलं, सीडी आत सुट्या खुळखुळत होत्या, नशिबाने ओरखडा नव्हता. तरी मागवतो, कारण स्ट्रीमिंगवर यातलं बरंच येतच नाही, परवानगी मिळालेली असते ती सीडीपुरती.

आणि सोबतचं बुकलेट हा वेगळाच ऐवज. एकेका तुकड्यावर परिच्छेद, कुठे काय कापलं, कुठली धून कुठून आली, सेशनचे फोटो. मी संगीताचं शिक्षण घेतलेलं नाही, जे काही कळतं ते या बुकलेटांनी शिकवलं.

नवीन माणसाने एकदम ५ सीडी घेऊन बसू नये हे मात्र प्रामाणिकपणे सांगतो. पूर्ण संगीतात चाळीस सेकंदांचे जोडतुकडे असतात, एकच मार्च चार वेळा येतो, कोणी दारातून आत आला त्याच्यापुरते सूर असतात. आधी सिनेमा बघा, मग रोझाने १९७७ ला स्वतः डेक्कासाठी पुन्हा कंडक्ट केलेलं बेन-हर ऐका, एका एलपीचंच आहे पण त्याने स्वतः निवडलेलं, मग पूर्णाकडे या. संगीतकाराने नीट विचार करून बांधलेला छोटा अल्बम ही काही कमी दर्जाची गोष्ट नाही, काही वाढीववाले तसं बोलतात ते चुकीचं आहे.

गेल्या दिवाळीत मामा आला होता. त्याने बेन-हर मुंबईत थिएटरात पाहिलेला, शाळेत असताना, पुन्हा लागला होता तेव्हा, आजोबांच्या शेजारी बसून. मी त्याला काही न सांगता पहिली सीडी लावली. त्या काळी असे मोठे सिनेमे सुरू व्हायच्या आधी ओव्हर्चर वाजायचं, पाच-सहा मिनिटं, पडद्यावर हलणारं काही नाही, बेन-हरला मायकेलअँजेलोचं ते चित्र, देवाचं बोट आणि ॲडमचं बोट. मामा फराळाचं ताट हातात धरून ऐकत होता, चकलीला हात लावला नाही. मग म्हणाला, "अरे हे वाजत असायचं तेव्हा लोक अजून दाण्याच्या पुड्या घेऊन आत येत असायचे, खुर्च्यांचे आवाज, बॅटरीवाला जागा दाखवतोय, आम्हाला धड कधी ऐकूच नाही आलं." आणि सीडी पुढे सरकली तर म्हणाला, "थांब, परत पहिल्यापासून लाव."